अनधिकाऱ्यास शिकवावे काय?

ज्याला एखाद्या गोष्टीची गोडी नाही त्याला ती शिकवावी काय, आणि शिकविली तर त्या शिकविण्याला शिकविणे म्हणावे काय, हा प्रश्न आम्ही पाठशाळेत असताना प्रथम ऐकला. त्या वेळी तो आम्हांस फार सोपा वाटला. गुरुजींनी तर्कसंग्रह संपवून वेदान्ताचे एक लहानसे प्रकरण हाती दिले होते आणि त्याच्या आरंभीच अनुबंधचतुष्टय होते : विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी. ग्रंथ कशाविषयी, कशासाठी, त्या दोहोंचा मेळ कोणता, आणि तो कोणासाठी. ह्या चारांपैकी चौथा नसेल तर पहिले तिन्ही व्यर्थ, असे आम्ही घोकले आणि पुढे चाळीस वर्षे ठिकठिकाणी कीर्तनात सांगितलेही. ते घोकलेले आता पुन्हा तपासून पाहण्याची पाळी आमच्या भाच्याने आमच्यावर आणली. म्हणून वाचकांस हा त्रास.

हा भाचा आमच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. पंढरपूरच्या वरच्या अंगाला, भीमेच्या काठी, एका तालुक्याच्या गावी महाविद्यालय आहे; तेथे तो पर्यावरणशास्त्र शिकवितो. कायमचा नव्हे, तासिका तत्त्वावर. म्हणजे तास झाला तर त्या तासाचे पैसे. सुट्टी पडली, मोर्चा निघाला, परीक्षा लागल्या, की हात रिकामा. एम्.एस्सी. झाला, सेट उत्तीर्ण झाला, आणि दर जून महिन्यात यंदा बोलावणे येते की नाही ह्याची वाट पाहत बसतो. आमच्यासारख्या कीर्तनकाराला हे काही नवीन नाही. आमचेही सारे आयुष्य बोलावण्यावरच गेले.

ज्यांची नातवंडे कॉलेजात गेली असतील त्यांना हा विषय नावाने ठाऊक असेल. इतरांसाठी थोडे सांगतो. महेशचंद्र मेहता नावाच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला होता की, हवा-पाण्याची नासाडी कायद्याने थांबत नाही, कारण लोकांना तिचे ज्ञानच नाही. त्यावर २२ नोव्हेंबर १९९१ रोजी न्यायालयाने आज्ञा केली की, शाळा-कॉलेजांतून पर्यावरण हा विषय सक्तीचा करावा, सिनेमागृहांतून त्याच्या चित्रपट्ट्या दाखवाव्यात, आकाशवाणी व दूरचित्रवाणीवरून सांगावे. आज्ञा झाली, पण आपल्याकडे आज्ञा आणि आचरण ह्यांच्यामध्ये एक मोठे पटांगण असते. २००३ साली न्यायालयास पुन्हा बजावावे लागले. मग विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व विद्यार्थ्यांसाठी, तो वाणिज्य शाखेचा असो की कला शाखेचा, सहा महिन्यांचा अभ्यासक्रम घालून दिला. आठ प्रकरणे, पन्नास तास. त्यांत जंगल, पाणी, अन्न, जमीन ही साधनसंपत्ती, परिसंस्था, जीवांची विविधता, प्रदूषण, लोकसंख्या, आणि शेवटचे पाच तास वर्गाबाहेर जाऊन प्रत्यक्ष पाहण्याचे. त्या पाच तासांना शंभरांपैकी पंचवीस गुण. आयोगाने त्यासाठी पाठ्यपुस्तकही लिहवून घेतले. लिहिणारे पुण्याचे इराच भरूचा, मूळचे शल्यविशारद. माणसाचे पोट उघडून पाहणाऱ्याला नदीचे पोट कळले ह्यात आम्हांस आश्चर्य वाटले नाही. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणानंतर ह्या विषयाची मांडणी बदलली, तास व श्रेयांक बदलले. पण मूळ गोष्ट राहिली ती ही की, ज्याने मागितले नाही त्याला ते दिले जाते.

एका एकादशीला भाचा घरी आला होता. फराळ झाल्यावर म्हणाला, “मामा, तुमच्या कीर्तनाला माणूस आपण होऊन येतो. माझ्या तासाला येतो तो हजेरीसाठी. सव्वाशे मुले, दुपारची वेळ, मागच्या तीन रांगा मोबाईलमध्ये. हा विषय ज्याचा कार्यभार कमी असेल त्याच्या गळ्यात टाकायचा, अशी रीत. एक वर्ष तो भूगोलवाल्यांकडे होता, एक वर्ष वनस्पतिशास्त्राकडे. मुलांनाही ते कळते. मग मी हे करतो ते काय करतो?”

आम्ही आमचे ठेवणीतले उत्तर काढले. म्हणालो, “अरे, अधिकारी नसेल तेथे ज्ञान देणे म्हणजे राखेत आहुती टाकणे. दोन-चार जिज्ञासू असतील त्यांच्याकडे पाहून बोल. बाकीच्यांचे नुकसान त्यांचे त्यांना.”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “तेथेच तर घोडे पेंड खाते, मामा. वेदान्त ज्याला कळला नाही त्याचा मोक्ष राहिला. राहू द्या, त्याचा राहिला. पण माझ्या तासाला जो झोपला त्याचे नुकसान त्याचे राहत नाही. त्याने ओढ्यात टाकलेले खालच्या गावाच्या घागरीत येते. नदीला कुठे विचारता येते, टाकणारा अधिकारी होता की अनधिकारी?”

सज्जनहो, चाळीस वर्षांत आम्हांस हा विचार शिवला नव्हता. शास्त्राने अधिकाऱ्याची अट घातली ती जेथे न शिकल्याचे फळ न शिकणाऱ्यापाशीच थांबते तेथे. जेथे एकाच्या अज्ञानाने दुसऱ्याचे पाणी बिघडते तेथे ती अट लावता येत नाही. आणि नीट पाहिले तर शास्त्रातच ह्याला जागा आहे. लहान मुलाला हात धुवायला, शौचाला कोठे बसावे आणि कोठे बसू नये हे शिकविताना त्याच्या जिज्ञासेची कोणी वाट पाहत नाही. स्मृतींत शौचाचार सांगितला तो काय मुमुक्षूंसाठी? नदीत काय टाकू नये ह्याचे निषेध आपल्या ग्रंथांत आहेत ते सर्वांसाठी आहेत. तेव्हा भाच्याचा विषय ब्रह्मविद्येच्या ओळीत बसविण्यात आमची चूक झाली; तो शौचाच्या ओळीतला आहे. आम्ही चूक कबूल केली. भाचा हसला आणि म्हणाला, “मग मामा, हात धुण्याचे गुण किती द्यायचे?”

हा त्याचा दुसरा प्रश्न, आणि पहिल्यापेक्षा अवघड. शौच सवयीने कळते, आणि सवयीची परीक्षा कागदावर होत नाही. परीक्षा कागदावर घ्यावयाची म्हटली की कागदच उरतो. ते पाच तास बाहेर जाऊन पाहावयाचे आणि त्यावर प्रकल्पवही लिहावयाची, तिची काय दशा झाली आहे ती भाच्याने सांगितली. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार वह्या मिळतात. नाव घालण्याची जागा कोरी. एकदा एकाच नदीकाठची एकच पाहणी साठ वह्यांत आली, आणि साठांतही एकच चुकीचा शब्द होता. ह्या विषयात उत्तीर्ण झाल्याशिवाय पदवी हाती पडत नाही; म्हणून सर्वांना उत्तीर्ण करावयाचे, हा अलिखित नियम. प्रत्येक वहीच्या शेवटी शिक्षकाची सही लागते की, विद्यार्थ्याने हे काम स्वतः केले आहे. भाचा सांगत होता, “पहिल्या वर्षी सही करताना हात अडला. तिसऱ्या वर्षी मी सह्या करता करता क्रिकेट ऐकत होतो.”

ह्या वाक्याने आम्हांस वाईट वाटले, पण भाच्यावर राग आला नाही. प्रमाणांचा विचार ज्याने केला आहे त्याला ह्यातला दोष लगेच दिसेल. शब्द हे प्रमाण आहे, पण आप्ताचा शब्द. ज्याने पाहिले आहे आणि जो खोटे सांगत नाही तो आप्त. दुकानातल्या वहीत सांगणाऱ्याने पाहिलेले नाही, लिहिणाऱ्याने पाहिलेले नाही, आणि सही करणाऱ्याला दोघांनीही पाहिलेले नाही हे माहीत आहे. तिघांनी मिळून एक वाक्य उभे केले आणि त्याला कोणीच पाठ दिली नाही. ह्यात नदीचे जे व्हायचे ते होईलच, पण मुलाला वीस वर्षांचा असताना हे शिकविले गेले की, न पाहता ‘पाहिले’ असे लिहिता येते आणि त्यावर मोठ्या माणसाची सही मिळते. पर्यावरण तो विसरेल. हे विसरणार नाही. असा तो विषय न शिकविलेला परवडला, असे आम्ही त्या वेळी बोलून गेलो. ते बोलणे फार झाले, हे आता वाटते.

कारण भाच्याने त्यानंतर तोडगा काढला. त्याने वहीचा विषय असा द्यायला सुरुवात केली की, जो दुकानात मिळणार नाही. आपल्या घरचा कचरा सात दिवस रोज ताजव्यात घालून मोजायचा. ओला वेगळा, कोरडा वेगळा. आपल्या घरचे सांडपाणी मोरीतून निघाल्यावर कोठवर जाते ते चालत जाऊन पाहायचे आणि नकाशा काढायचा. पहिल्या तासाला त्याने स्वतःच्या घरचे वजन फळ्यावर लिहिले. ते मुलांपैकी पुष्कळांच्या घरापेक्षा जास्त होते, मुले हसली. नकाशाही त्याने स्वतःचा आधी दाखविला. भाच्याच्या भाड्याच्या घराचे मोरीचे पाणी थेट गावच्या ओढ्यात जाते आणि ओढा भीमेत.

येथे एक शंका घेण्यासारखी आहे, आणि गावातल्या एका वकिलांनी ती घेतलीही. ज्याच्या स्वतःच्या घरचे पाणी ओढ्यात जाते त्याने ओढ्याविषयी बोलावे काय? आमच्याकडे ही शंका फार लोकप्रिय आहे, कारण तिने बोलणारा चटकन गप्प होतो. ह्या शंकेचा मान आम्ही ठेवतो. उपदेश करून तसे न वागणारे पुष्कळ पाहिले आहेत आणि आरशातही एक दिसतो. परंतु ज्याचे सर्व आचरण शुद्ध झाले त्यानेच बोलावे असे ठरविले तर ह्या महाराष्ट्रातले एकही व्यासपीठ उघडणार नाही, आणि वैद्याने स्वतः कधी आजारी पडता कामा नये असे होईल. दोष असणे आणि दोष झाकून दुसऱ्याचा दाखविणे ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत. भाच्याने आपला नकाशा आधी फळ्यावर काढला, तेव्हाच वकिलांच्या शंकेतला विंचू मेला. मोटारसायकलीवरून कॉलेजात जाऊन धुराविषयी शिकवितो, हेही त्याने वर्गात सांगितले. एस.टी. त्या वेळेला नाही, हे कारणही सांगितले. कारण खरे होते. मुलांना पटले की नाही ते आम्हांस माहीत नाही.

आता जी गोष्ट सांगावयाची ती २०१७ च्या फेब्रुवारीतली. चार मुलींनी भाच्याला विचारले की, आम्हांला कचरा मोजायचा नाही, पाणी मोजायचे आहे. त्याने रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतून बाटल्या मिळविल्या आणि पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजण्याची रीत त्यांना शिकविली. ही रीत हंगेरीच्या विंक्लर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १८८८ साली काढली आणि अजून तीच चालते. आम्ही ती पुढे डोळ्यांनी पाहिली म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

काचेच्या बुचाची बाटली पाण्याखाली धरून अशी भरायची की, आत एक बुडबुडाही राहता कामा नये. कारण वरच्या हवेतला प्राणवायू आत गेला की मोजमाप खोटे. मग तिच्यात मँगेनीजचे एक द्रावण आणि आयोडाइड घातलेले क्षाराचे दुसरे द्रावण सोडायचे, बूच लावून उलटसुलट करायचे आणि थांबायचे. तळाशी साका बसू लागतो. पाण्यात प्राणवायू असेल तर साका तपकिरी. जितका जास्त तितका गडद. प्राणवायू नसेल तर साका पांढरा. नंतर आम्ल घालून, स्टार्चने निळे करून, थेंबाथेंबाने दुसरे द्रावण सोडीत निळा रंग जाईपर्यंत मोजतात आणि आकडा काढतात. पण तपकिरी की पांढरा एवढे तर निरक्षरालाही दिसते. आपल्या उन्हाळ्यात नितळ, वाहत्या पाण्यात लिटरला सात-आठ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने स्नानाच्या पाण्यासाठी किमान पाच मिलिग्रॅम ठरविले आहेत. चाराच्या खाली पुष्कळ मासे कासावीस होतात.

आणि मौज अशी की, हे डोळ्यांनी कळत नाही. आषाढातले गढूळ, धावते पाणी प्राणवायूने भरलेले असू शकते आणि वैशाखातला नितळ डोह गुदमरलेला असू शकतो. (भाच्याने येथे आम्हांस लगेच सांगितले की, प्राणवायू पुष्कळ आहे म्हणून पाणी पिण्याजोगे झाले असे नव्हे, जंतू वेगळे मोजावे लागतात.) नैयायिकांनी प्रत्यक्षाला सर्व प्रमाणांत वडीलपण दिले, पण प्रत्यक्षालाही कधी कधी बाटली लागते.

त्या मुलींनी ओढ्याच्या पाच जागी बाटल्या भरल्या. वरच्या दोन ठिकाणी साका तपकिरी आला. तिसऱ्या ठिकाणी फिकट. चौथ्या ठिकाणी पांढरा, चुन्यासारखा. मुली तेथून काठाकाठाने मागे गेल्या आणि एका पाइपापाशी पोचल्या. तो पाइप त्यांच्याच महाविद्यालयाच्या मुलांच्या वसतिगृहाचा होता. सेप्टिक टाकी भरून वाहत होती, तिचे पाणी पाइपाने ओढ्यात. पाचवी बाटली खाली, भीमेला ओढा मिळतो त्याच्या अलीकडची. तेथे पुन्हा किंचित तपकिरी. नदी, ओढा, ही वाहता वाहता स्वतःला सावरतात. घाण मिळाल्यावर प्राणवायू खाली जातो आणि पुढे हळूहळू वर चढतो, हे अमेरिकेतल्या ओहायो नदीचा अभ्यास करून स्ट्रीटर आणि फेल्प्स ह्या दोघांनी १९२५ साली गणिताने मांडले आहे. मुलींनी तो चढ-उतार पाच बाटल्यांत पाहिला. मध्ये दुसरी घाण मिळाली नाही तर सावरते. पण आपल्या नद्यांना तेवढी उसंत कोण देतो? इंद्रायणी तुळापूरला भीमेस मिळते, पुण्याचे पाणी घेऊन मुळामुठा मिळते, मग उजनी, मग नीरा, मग चंद्रभागा. आळंदी-देहूपासून पंढरीपर्यंत आपण पायी जातो तसे तेही पाणी जाते.

वही प्राचार्यांच्या टेबलावर गेली. प्राचार्य दुष्ट मनुष्य नव्हेत, हे आम्ही मुद्दाम लिहितो. गरीब मुलांना फी माफ करून देणारे, वेळेवर येणारे. ते म्हणाले, “काम उत्तम आहे. फक्त वसतिगृहाचा उल्लेख काढा. ‘गावातील एक नाला’ असे लिहा. संस्थेची तपासणी जवळ आली आहे.” आणि जाता जाता म्हणाले, “पुढच्या वर्षीच्या तासांचे मी पाहतोच आहे.”

भाचा त्या रात्री बसने आमच्याकडे आला. दोन लहान मुले, बायकोची नोकरी सुटलेली. त्याने विचारले, “मामा, काय करू?”

आम्ही सांगितले, “नाव गाळ. आकडे राहू देत. सत्य सांगावे, पण अप्रिय सत्य सांगण्याला काळ-वेळ असते.” स्मृतिवचनाचा आधार दिला, ते त्याला पाठ करून दाखविले. तो सकाळच्या बसने गेला. नाव गाळले. मुलींना पंचवीसपैकी चोवीस गुण दिले.

पंधरा दिवसांनी तो पुन्हा आला तो वेगळाच दिसत होता. चौघींपैकी एकीने वही परत घेताना त्याला विचारले होते, “सर, नाव गाळायचंच होतं तर मोजायला कशाला लावलंत?” आवाजात उद्धटपणा नव्हता, म्हणाला, खरेच कळत नव्हते म्हणून विचारीत होती. तो काही बोलू शकला नाही. आम्हीही त्याला काही सांगू शकलो नाही. आणि न सांगण्याचे आमचे कारण त्याच्यापेक्षा जुने होते. ते येथे लिहिणे भाग आहे, नाहीतर हा लेख आम्ही लिहू नये.

त्याआधी तीन वर्षांपूर्वी एका गावी सप्ताह होता. काल्याचे कीर्तन आमच्याकडे. सात दिवसांचे अन्नदान गावच्या कारखान्याच्या मालकांचे. दुपारी चार शेतकरी बिऱ्हाडी आले आणि आम्हांस ओढ्यावर घेऊन गेले. पाणी काळपट तांबडे, वर फेस, मळीचा वास असा की पदर नाकाला लावूनही जाईना. विहिरींना ते उतरले होते. म्हणाले, “महाराज, दोन शब्द बोला. तुमचं ऐकतील.” आम्ही ‘पाहू’ म्हणालो. काल्याच्या कीर्तनात भगवंताच्या बाळलीला सांगताना कालियाची कथा ओघाने येतेच. यमुनेच्या डोहात विष, ते पिऊन गाई आणि गोपाळ पडलेले, आणि भगवंतांनी कालियाला मारले नाही, पाण्यातून बाहेर घालविले. बोट न दाखविता सारे सांगता आले असते. मालक पहिल्या रांगेत बसले होते. आम्ही नवनीतचोरी सांगितली, गोवर्धन सांगितला, आणि मधली कथा गाळून दहीहंडीला आलो. टाळकऱ्यांना कळले, त्यांनी आमच्याकडे पाहिले. ते चार शेतकरी प्रसाद घेऊन गेले. बिदागी ठरल्यापेक्षा जास्त मिळाली.

भाच्याला आम्ही जो सल्ला दिला तो स्मृतीचा नव्हता, त्या बिदागीचा होता.

आता वचनाचा विचार करू. अप्रिय सत्य जपून बोलावे हे खरे. पण कशासाठी? माणसाचे मन दुखवू नये म्हणून. एखाद्याच्या घरचे व्यंग, एखाद्याचे जुने पाप, एखाद्याच्या मुलीची चूक; ही झाकणे हे सज्जनाचे काम आहे, आणि तेथे उघडे पाडण्यात शौर्य मानणारे लोक आम्हांस आवडत नाहीत. परंतु पाइपाला मन नाही. आणि त्याच्या खाली कोणीतरी घागर बुडवीत आहे. व्यंग झाकल्याने ते झाकणाऱ्यापाशी राहते. पाणी झाकले तरी वाहतेच. विहिरीत साप पडला आहे हे पाहून ‘विहीर कोणाची’ ते न सांगता ‘गावातील एका विहिरीत’ असे सांगणारा खोटे बोलला नाही. पण ज्याला सांगायचे त्याला त्याने काहीच सांगितले नाही. त्या मुलीचे म्हणणे हेच होते. मोजणे हे कोणाला तरी कळावे म्हणूनच असते. नाव गाळल्यावर दुकानातली वही आणि तिची वही ह्यांत फरक राहिला तो फक्त कष्टांचा.

मीमांसकांच्या भाषेत बोलायचे तर भाच्याच्या कामाचा प्रकार आम्हांस येथे कळला. काम्य कर्म फळासाठी करतात. फळ मिळत नसेल तर सोडता येते. नित्य कर्माला फळ सांगितलेले नाही, पण ते न केल्यास प्रत्यवाय लागतो. सव्वाशे मुलांना पन्नास तास शिकवून गावचा ओढा शुद्ध होईल, ही कामना धरली तर तिसऱ्या वर्षी माणूस सह्या करता करता क्रिकेट ऐकू लागतो, कारण ओढा शुद्ध होत नाही. ते नित्य म्हणून धरले तर रोजचा तास नीट घेणे एवढेच हाती उरते, आणि खोटी सही करणे हा त्या दिवसाचा प्रत्यवाय. मात्र ह्या विचाराचा एक धोका आहे. ‘फळाकडे पाहू नये’ असे म्हणून ओढ्याकडेही पाहू नये असे होते. आमच्या पंथाच्या माणसांना ह्या धोक्याची ओळख असावी. म्हणून आम्ही भाच्याला हे सांगितले तेव्हा एवढे जोडले की, तास नित्य असला तरी बाटली पांढरी की तपकिरी हे पाहायचे सोडू नकोस. तो म्हणाला, “मामा, ते मला सांगायला नको, तुम्हांला लक्षात ठेवा.”

दुसऱ्या दिवशी तो प्राचार्यांकडे गेला आणि त्या चौघींना घेऊन गेला. वादविवाद केला नाही. मुलींनी टेबलावर दोन बाटल्या ठेवल्या आणि मूळ पानांची एक प्रत दिली. भाच्याने म्हटले की, पुन्हा विचारले तर मी नाव सांगेन. मुलींच्या गुणांत त्यामुळे काही बदल करू नये. प्राचार्य बराच वेळ बाटल्यांकडे पाहत होते. काही बोलले नाहीत.

त्या जूनमध्ये भाच्याला बोलावणे आले नाही. जुलैतही नाही. बहीण आम्हांस बोल लावू लागली, आणि तिचे चुकले असे कसे म्हणावे? ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात फोन आला. तेव्हापासून दर वर्षी येतो. विषय सक्तीचा, आणि तो घ्यायला दुसरे कोणी राजी नव्हते, एवढेच कारण असेल; प्राचार्यांच्या मनात काय झाले हे आम्ही सांगू शकत नाही. वसतिगृहाची टाकी दिवाळीच्या सुट्टीत उपसली आणि शोषखड्डा खणला, हे खरे. गावचा ओढा चौथ्या ठिकाणी आता तपकिरी येतो. पण त्याच्या खाली दोन नव्या इमारती झाल्या आणि आता पाचवी बाटली पांढरी येते. भाच्याच्या घरची मोरी अजून तेथेच जाते. घरमालक ऐकत नाही. नव्या मुलांना तो नकाशा अजून पहिल्याच तासाला दाखवितो.

दुकानात वह्या अजून मिळतात. भाच्याकडे त्या आल्या तर तो सही करीत नाही, मुलाला परत पाठवितो. मुलगा रागावतो, आठ दिवसांनी काहीतरी खरे, वेडेवाकडे लिहून आणतो. त्याने कोणाची पदवी अडलेली नाही. काम वाढले आहे. तासाचे पैसे तेवढेच.

गेल्या महिन्यात कारखान्याच्या त्या गावाहून आम्हांस पत्र आले. सप्ताह मोठा करावयाचा आहे, काल्याची सेवा पुन्हा आपणच करावी. अन्नदान त्याच मालकांचे. आम्ही होकार कळविला. आणि पत्रातच, पूर्वी कधी लिहीत नव्हतो ते, कथाभाग कोणता सांगणार तेही लिहिले : कालियामर्दन. त्यांचे उत्तर अद्याप आलेले नाही.